लाकूड पुढं आहे

पातं आधी उतरवायचं.
मनगटाला एक हिसका, एक पीळ,
चौदा फुटांचं पातं तीन वेढ्यांत निजतं;
गोणपाटात गुंडाळून ते मी सीटमागं ठेवतो.
मग रूळ, इंजिन, डिझेलचा कॅन,
जांभ्याच्या चिपा, उटी लावायला,
आणि शेवटी हुकाची खीळ. अनिस ती बसवतो,
मी मागून जाऊन हलवून बघतो.
तो काही बोलत नाही. पूर्वी बोलायचा.

ट्रेलरपेक्षा रूळ हातभर लांब.
टोकाचं लाल फडकं वेळणेश्वरच्या उतारावर उडालं,
तिथं आता अनिसचा टॉवेल, धुवून धुवून गुलाबी.
"चालतंय," तो म्हणाला, "लाजत लाजत लाल."

धोपाव्याच्या धक्क्यावर ओहोटी लागलेली.
फेरीबोटीची फळी इतकी खाली झुकली होती
की आमची शेपटी सिमेंट घासणार.
थांबलो. शेजारच्या टेम्पोतल्या कोंबड्याही थांबल्या.
पाणी चढताना दिसत नाही,
खांबावरची कालवं एकेक करून दिसेनाशी होतात
आणि मग कुणीतरी ओरडतं, घ्या गाडी.

दाभोळच्या पुढं नाक्यावर वनरक्षक.
नवा असावा, गणवेशाच्या घड्या अजून शाबूत.
"लाकडाचा पास?"
"लाकूड नाही, साहेब."
"मग हे काय?"
"लाकूड कापायचं यंत्र. हा परवाना."
"आणि लाकूड?"
"लाकूड पुढं आहे."
त्यानं गाडीभोवती एक फेरी घातली,
रुळाच्या खाचेतून बोटानं पिवळा भुसा काढला,
नाकाशी नेला.
"फणस."
हो, म्हटलं, हेदवीचा, गेल्या आठवड्यातला.
त्याचा पास होता. झाड संपलं, पास संपला,
दारं झाली, माणसं त्यांतून जा-ये करू लागली,
वास तेवढा आमच्याबरोबर फिरतोय.
वासाला पास लागतो का, हे त्याच्या पुस्तकात नसावं.
बोट पँटला पुसता पुसता तो थांबला,
पुन्हा एकदा हुंगलं,
मग फाटक वर केलं.

लवू तांडेलाची वाडी खाली, समुद्राला चिकटून.
लाटांनी पुळण खाल्ली तेव्हा तिथली उंडी मुळांसकट आडवी झाली,
एकट्याच्या कवेत न मावणारी.
झाड वर नेता येत नाही, म्हणून यंत्राला बोलावणं.
डांबर संपलं तिथं मी गाडी उभी केली.
पुढं पाखाडी.
शंभराला चार कमी पायऱ्या,
मी त्या नंतर मोजल्या, खांद्यावर रूळ असताना.
फोनवर लवूनं पायऱ्यांचं नाव काढलं नव्हतं.
"इचारलात कुटं?" तो म्हणाला.

तेवढ्यात नऊ जण वर आले,
दोन वासे आणि सुंभाचा दोर घेऊन.
शिमग्याला पालखी इथूनच चढते उतरते,
त्यामुळे कुणी कधी वाकायचं हे सगळ्यांना पाठ.
वळणावर आतल्यानं थांबायचं, बाहेरच्यानं चालायचं.
इंजिन त्यांनी तस्संच नेलं.
एका पोराच्या मनात ते नाचवायचंही होतं,
मी त्याच्याकडं बघितलं.

उन्हं कलताना पुळणीवर रूळ मांडला.
चिपा, पाणसळ, पुन्हा चिपा.
वाळू ऐकत नाही, एका कोपऱ्याला समजावलं की दुसरा रुसतो.
रुळाच्या टोकाला टॉवेल अजून बांधलेलाच,
तिथं त्याला विचारणारं कुणी नव्हतं.
घाम पुसत मी म्हटलं,
"फळ्या आता एवढ्या पायऱ्या वर कशा न्यायच्या?"
"वर कशाला? होडीची लाकडं ती. हितंच जोडायची."
"म्हणजे समुद्राचा रस्ता आहे!
अहो, मग यंत्र दाभोळातून होडीनंच आणायचं होतं की."
लवू खोडावर बसला होता,
तळवा सालीवर, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.
"आणलं असतं," म्हणाला.
"पण होडी कुटाय? ही काय,
तिच्यावरच तर बसलोय."

मी गोणपाटाची गाठ सोडायला घेतली.