नखाएवढी गोष्ट

थांब, पुपुर. हलू नकोस.
मेअरच्या विणलेल्या शालीत तुझं नख अडकलंय,
मागच्या उजव्या पायाचं, अगदी कडेचं,
आणि तू जितकं ओढतोस तितका फास आवळतोय.

बावीस वर्षं ही शाल कोचाच्या पाठीवर आहे.
मेअर गेल्यापासून मी ती धुतलेलीसुद्धा नाही.
कात्री घेतली, आणि बघत राहिलो
तुझ्याकडे, त्या निळ्या टाक्याकडे.
क्षणभरच.
तेवढ्यात तू लाथ झाडलीस
आणि नख मुळातून अर्धं उचकटलं.
तो क्षण माझ्या खात्यावर.

मग कापलाच टाका.

शेगडीपुढची फरशी आमच्याच खाणीतली,
काळीजांभळी, तिच्यावर रक्त दिसत नाही.
तुझ्या पांढऱ्या पायावर मात्र
एक थेंब केवढ्यांदा ओरडतो!

हेलेद डॉक्टरीणबाई डोंगरापलीकडे होत्या,
रविवारची रात्र, कुणाच्या तरी मेंढीचं बाळंतपण.
फोनवर म्हणाल्या, टॉवेलात गुंडाळा, उताणा करू नका,
कॉर्नफ्लोअर आहे का घरात? लावा, दाबून धरा.
पाच मिनिटं. मध्येच उचलून बघायचं नाही.
आणि, इवोर, तुमच्या गोळ्या त्याला द्यायच्या नाहीत.

अर्धी गोळी मी मोडून ठेवली होती.
बाईंना कसं कळलं कोण जाणे.

डब्यावर मेअरचं अक्षर: कॉर्नफ्लोअर.
खाली बारीक: संपलं की सांग.

संपलं नव्हतं.

खाणीनं निरोपाला दिलेलं घड्याळ आज कामाला आलं.
काखेत तुझं डोकं, बोटांखाली तुझं काळीज,
असं धावत होतं की वाटलं,
भित्र्याला सशाचं काळीज म्हणणाऱ्यानं
ससा कधी असा हातात धरला नसेल.
तू आवाज केला नाहीस.
ससे दुखणं लपवतात, बाई म्हणाल्या.
माझे वडीलही. छातीत दगडाची भुकटी साचलेली,
खोकला आला की उठून रेडिओ मोठा करायचे.

हा माझा डावा अंगठा बघ.
एकोणिसाव्या वर्षी शिळा घसरली याच्यावर.
नख काळं पडलं, मग गळलं,
खालचं मांस लाजल्यासारखं गुलाबी.
आई रोज मिठाचं कोमट पाणी करायची
आणि दुसरीकडे बघत माझा हात त्यात बुडवायची.
नवं नख आलं ते वाकडं, पन्हळीसारखं.
त्याच अंगठ्यानं पुढं चाळीस वर्षं
छपरांच्या पाट्या सोलल्या.
तुझंही येईल. सरळ येईल असं म्हणत नाही.

रक्त थांबलं.
पिंजऱ्यातला भुसा काढला, जखमेला चिकटतो म्हणून,
जुने टॉवेल अंथरले, रग्बीचा लाल ड्रॅगनवालासुद्धा.
लोंबतं टोक उद्या बाई कापतील.
आज कात्रीला मी पुन्हा हात लावणार नाही.

लेक कार्डिफहून म्हणाली, बाबा,
एवढ्याशा नखासाठी रात्रभर जागणार?
म्हटलं, हो, नखाएवढंच आहे.
ती गप्प झाली. मग म्हणाली, पाय गरम आहे का बघत राहा.

पाठीवर मिरीची पूड उडाल्यासारखे ठिपके,
म्हणून तू पुपुर; आमच्या वेल्शमध्ये मिरी.
हे नाव मेअरनं ठेवलं. मला 'कर्नल' हवं होतं.

तीन वाजता अंधारात
वाळलं गवत कुरकुरलं.
पुन्हा कुरकुरलं.
मी दिवा लावला नाही.

शालीचा धागा सुटतोय.
मोकळ्या टाक्यात काडेपेटीची काडी खोचून ठेवलीय,
विणकाम येणारं कुणीतरी शोधायला हवं.

तू खा.