शिळं पाणी

गोरेवाड्याच्या प्लांटवर मी रोज सकाळी
शहराच्या पाण्यातलं क्लोरीन तपासते.
नळीत पिवळा रंग उमटला
की रजिस्टरवर आकडा, आकड्याखाली सही.
मग इंदोऱ्याला घरी येऊन
तेच पाणी दोन दिवस बादलीत उघडं ठेवते,
मीच घातलेलं उडून जावं म्हणून.

एंजलच्या जोडीनं अंडी घातली ऐन मे महिन्यात.
काहून मे महिन्यात, त्यांचं त्यांना ठाऊक.
लांब पानावर रांगेनं, राजगिऱ्याएवढी.
टेट्रा टपलेले, सकर रात्रीच्या भरवशावर,
आणि दुसऱ्या दिवशी खुद्द बापानंच
दोन-चार चाखून पाहिली.
सुदर्शननं पान कात्रीनं कापलं,
लोणच्याच्या बरणीत उतरवलं.
तीनदा धुऊनही झाकणाला मोहरीचा वास,
म्हणून झाकण लावलंच नाही.

पांढरी पडलेली अंडी संघमित्रानं
काडीनं एकेक उचलली.
दर वेळी विचारायची, ही मेली का झोपली?
नंतर एका पहाटे पान सगळं थरथरायला लागलं.
गळलेल्या पापणीच्या केसाएवढी पिलं,
डोक्यानं चिकटलेली, शेपटीनं सुटू पाहणारी.
तसा केस तळहातावर ठेवून
मागणं मागतात ना,
तेवढ्या जवळ तोंड नेऊन ती बघत बसली.
फुंकू नको, म्हटलं.

सदरचे हनीफभाई म्हणाले,
"पोट्टे जगवनं सोपं नाई जी मॅडम.
बलक फडक्यातून गाळा, सुईच्या टोकाएवढा द्या.
जास्त दिला तं पानी सडते, कमी दिला तं ते मरते.
आन् आईच्या तोंडात मावनार नाई एवढे झाले
का मंगच सोडा मोठ्या टाकीत."

बारा दिवस आम्ही हळू आवाजात बोललो.
घड्याळ लावून बलक, ड्रॉपरनं घाण.
मोजणी कधी जुळली नाही:
ती म्हणे एकशे चाळीस, हा म्हणे नव्वद,
मी मोजतच नव्हते.

त्या दुपारी शेहेचाळीसच्या वर पारा.
कूलर कोरडा पडला, पोर घामानं निथळत झोपलेली.
रात्रपाळीवरून आलेल्या सुदर्शननं
माझी बादली कूलरमध्ये ओतली.
बरणीतलं पाणी दोन बोटं आटलेलं दिसलं,
तर गुंडावरची झाकणी काढून
सकाळच्या नळाचं थंड, ताजं, काठापर्यंत भरलं.
"तुझ्याच प्लांटचं," तो नंतर म्हणाला,
"म्हटलं, याहून चांगलं कुठलं."

संध्याकाळी तळाशी
पांढरे केस.

मला भांडता आलं नाही.
शहरात गॅस्ट्रोची साथ,
डोस वाढवा असं वरून सांगितलेलं,
आणि त्या दिवशीचा आकडा
रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात होता.
तो जेवला नाही. मी जेवले.
दुसऱ्या दिवशी पुन्हा नळी, पुन्हा पिवळा रंग,
तेवढाच, एक थेंबही कमी नाही.

नऊ वाचली.
कशी, ते हनीफभाईंनाही सांगता येईना.
नवांना अंग फुटलं, अंगावर पट्टे आले,
एकाचा पर वाकडाच राहिला.
संघमित्रा रोज बरणीला आठ आण्याचं जुनं नाणं लावून
मोठ्या टाकीतल्या आईच्या तोंडाशी ताडून बघायची.
"अजून मावतात," म्हणायची,
आणि शाळेत जायची.

सोडली त्या रविवारी तिघंही टाकीसमोर फरशीवर.
आई आली, वाकड्या पराच्या पिलापाशी थांबली.
तोंड उघडलं, मिटलं.
मासे एरवीही तसंच करत असतात.

आता बरणीत पुन्हा लोणचं आहे.
बादलीला मात्र अजून कोणी हात लावत नाही.
सुदर्शन कूलरसाठी पाणी खालून आणतो,
तीन जिने,
एकदाही न थांबता.