मोरी नंबर अठ्ठावन्न

इदलहोंडच्या पुढे रूळ ढोपरासारखा वाकतो,
तिथे ही मोरी. माणूस रांगत जाईल एवढी.
मलप्रभेला नाव आहे,
हिला आकडा. चुन्याच्या पट्ट्यावर काळा,
दर मे महिन्यात बाबा रंगवायचे,
आठाचं पोट हमखास मोठं यायचं.

बाबा म्हणजे भरमाण्णा हलगेकर, कीमन.
खांद्यावर हातोडा, रोजचे सहा किलोमीटर,
आणि प्रत्येक मोरीपाशी खाली उतरून
वाकून पलीकडचा उजेड बघायचा.
‘रुपायाएवढा दिसला तरी पास गा,’ म्हणायचे.

त्या ऑगस्टात नाही दिसला.
वरच्या अंगाला भात बुडालेलं,
पाणी खडीला जीभ लावून बसलेलं,
आणि गुंजीहून मालगाडी सुटलेली.
बाबांनी लाल झेंडी रोवली, मुकादमाला फोन केला
आणि आत शिरले, छातीवर.
कमरेला दोर. दोराचं टोक बसलिंगाच्या हातात,
जो कन्नडात देवाला आणि मराठीत बाबांना
एकाच दमात शिव्या घालत होता.

काय काय निघालं :
उसाचं पाचट, कुणाची तरी गादी, फुटकी घागर,
आणि या सगळ्याला आडवा धरून बसलेला
पत्र्याचा बोर्ड. गावाच्या नावाचा.
नावावर डांबर.
एका वर्षी कुणी फासलेलं,
दुसऱ्या वर्षी कुणी उपटून ओढ्यात टाकलेलं.
बसलिंगानं नखानं खरवडलं.
एक उभी रेघ दिसली;
काना होता, की नुसता ओरखडा, कोण सांगणार.

तेवढ्यात पाणी सुटलं.
मी बांधावर, अकरा वर्षांची, छत्री उलटी झालेली.
अंधारात म्हशीनं लांब श्वास सोडावा
तसा आवाज आला.

मालगाडी चाळीस मिनिटं उशिरा गेली.
रजिस्टरात बाबांनी लिहिलं : मोकळी.
बोर्डासाठी रकाना नव्हता.

बोर्ड आमच्याकडे आला. आईनं तो
घरातल्या मोरीला आडोसा म्हणून लावला.
डांबर आहे ते बरं, म्हणाली, गंजणार नाही.
त्याच्याआड आम्ही वर्षानुवर्षं आंघोळी केल्या.

आता दुसरा रूळ पडलाय,
मोरीला दोन्ही अंगांनी सिमेंटच्या पेट्या जोडल्यात.
आकडाही बदललाय.
परवा उतरले, साडी खोचून वाकले.
आधी चौकोन, मग दगडी कमान,
पुन्हा चौकोन, थोडा गाळ, एक बेडूक,
आणि टोकाला रुपाया.
जुना. मोठा.