हलू नका

वीस वर्षं मी माणसांना एवढंच सांगत आलो:
हलू नका.
हनुवटी खाली, वहिनी. पदर सावरा.
मामा, आत या, कडेला कापले जाल.
शाहूपुरीत स्टुडिओ, वर मी, खाली झेरॉक्स.

तुळशीची लग्नं लागायच्या आधी
धंदा थंड असतो. भाऊबीजेची कोर बुडाली
आणि आम्ही मसाई पठारावर गाडी लावली.
वर कुणीच माझं ऐकत नाही.
तीस सेकंद शटर उघडं ठेवलं
की प्रत्येक तारा आपापली रेघ ओढून मोकळा,
पोरानं पाटीवर पेन्सिल फिरवावी तसा.

म्हणून दिलावरभाई. उद्यमनगरात टर्नर.
त्यानं दोन सागवानी फळ्या जोडल्या,
दाराची एक बिजागरी,
मधून वाकवलेली आट्यांची सळई,
मिनिटाला एक फेरा, हातानं.
"पृथ्वी फिरतीया हिकडं, आपण उलटं फिरवायचं.
अवघड काय न्हाई. घाई करायची न्हाई फक्त."
बिजागरीचा नेम ध्रुवावर.
तो आकडे मोजतो पुटपुटत,
मी उगाचच श्वास धरतो.

पहिल्या रात्री लेन्सवर दव.
दुसऱ्या रात्री फोकस चुकला,
सगळं आकाश साबुदाणा.
तिसऱ्या रात्री पन्हाळ्याकडून आलेल्या बुलेटनं
हेडलाइट थेट आमच्या तोंडावर धरला:
"काय हरवलंय का, पाव्हणं?"
दिलावरभाई म्हणाला, "व्हय. घावलं की सांगतो."

मग शर्मिष्ठेच्या टोकापासून खाली
बोटानं मोजत गेलो. रोखून पाहिलं तर
काही नाही, नुसता काळोख.
नजर जरा बाजूला सरकवली
तर तिथे, आरशावर सोडलेल्या श्वासाएवढी,
देवयानीतली ती दीर्घिका.
पुन्हा बघायला गेलो, गेली.

मला उगीच आठवल्या
हळदीच्या वेळी दाराआड उभ्या राहणाऱ्या मावश्या,
आत या म्हटलं तरी न येणाऱ्या.
किती जणींना मी फ्रेमबाहेर ठेवलं
त्याचा हिशेब नाही.

पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड, म्हणतात.
मला एवढा आकडा झेपत नाही.
माझ्याकडे एक ड्रॉवर आहे,
न नेलेल्या पासपोर्ट फोटोंचा.
आठ-आठच्या पाकिटात तेच ते चेहरे,
ताजे इस्त्रीचे कॉलर, टक लावून बघणारे.
कुठल्या नोकरीसाठी, कुठल्या देशासाठी,
आणि आता कोण कुठे, ठाऊक नाही.
फेकवत नाहीत.

चाळीस फ्रेम एकावर एक रचल्या.
पहाटे पडद्यावर एक तिरकी, धुरकट लंबगोल,
मध्ये पिवळसर, कडा कुठे संपतात ते कळेना.
शैला चहा घेऊन आली, वाकून बघितलं:
"लेन्सला बुरशी आली काय हो?"
मी नाही म्हटलं. आणखी काही सांगता आलं नाही.
ती कप हातात धरून तशीच
बराच वेळ उभी राहिली, हे खरं.

चार बाय सहाची प्रिंट काढून उद्यमनगरात नेली.
दिलावरभाईनं लेथ बंद केला,
हात पुसले तरी तेलाचा अंगठा उमटलाच कोपऱ्यात.
उजेडाला धरून, एक डोळा बारीक करून
त्यानं ती पाहिली, जशी तो बुशिंग पाहतो.
मी वाट बघत होतो.

"हललंय जरा," तो म्हणाला.
"पुढच्या अवसेला आटे बारीक पाडू."