पाचावरचा ठिपका

वालपराइसोत, टेकडीवर, जिथे रस्ता दमतो
आणि पायऱ्या होतो, तिथे माझ्या आईचं पावाचं दुकान.
एर्मेलिंदा रिकेल्मे. पाटीवर नाव नाही.
पाटीच नाही. लोक वासामागून येतात.

मागच्या हिवाळ्यात एकामागून एक तीन जण चढून आले,
तीन यंत्रं घेऊन.
पहिला धापा टाकत म्हणाला, भाडं शून्य,
फक्त दर विक्रीमागे तीन टक्के आणि वर थोडे सुटे.
दुसऱ्याचं यंत्र विटेएवढं, करडं, रबरी बटणांचं.
टक्के दोन, भाडं वेगळं,
आणि पैसे तिसऱ्या दिवशी. कामकाजाच्या तिसऱ्या दिवशी.
शुक्रवारचा पाव म्हणजे बुधवारी पिकणार.
तिसऱ्याचे दात फार छान होते.
त्याचं यंत्र म्हणजे नुसती काच, साबणाच्या वडीएवढी.
टक्के दोनच, भाडं नाही, पैसे उद्या सकाळी.

आई पिठाळ हातांनी ऐकत होती.
म्हणाली, टोणपे खाऊन झालेत माझे,
आता टक्के राहिले होते.

मी वहीत रेघा मारल्या.
आमच्याकडे कुणी मोठी खरेदी करत नाही:
चार पाव, कधी अर्धा किलो, रविवारी थोडं चीज.
पहिल्याचे ते वरचे सुटे
दर विसाव्या पावाचा लचका तोडत होते.
दुसऱ्याचं भाडं म्हणजे महिन्याला पिठाचं एक पोतं,
आणि पिठाचा ट्रकवाला तर सोमवारी रोख मागतो,
त्याला कामकाजाचा दिवस वगैरे कळत नाही.
काच जिंकली.
मी खालून दोनदा रेघ ओढली.

एक आठवडा काच छान चालली.
पोरं येऊन कार्ड नुसतं टेकवायची आणि पळायची.
मग महिन्याचा पहिला गुरुवार आला
आणि अकरा वाजता बाउदिलिओ ओयार्सुन,
अकॉर्डियन जुळवणारा, लहानपणापासून आंधळा.
इतकी वर्षं तो नाण्यांच्या कडेवर नख फिरवून
बरोबर मोजून द्यायचा,
एकदा आईनंच जास्त परत दिले तर त्यानं ते ओळखले होते.
आता त्याची पेन्शन कार्डावर येते.

त्यानं काचेवर बोट ठेवलं.
बोट घसरलं. पुन्हा ठेवलं.
खिडकीच्या तावदानावर माशी चालते तसं ते चाललं,
वर, खाली, कडेपर्यंत.
“पाच कुठेय?” त्यानं विचारलं.
पाच कुठेही नव्हता.

मग त्यानं चारही आकडे मोठ्यानं सांगितले.
रांगेत सात माणसं होती.
सातही जणांनी एकदम आपापल्या बुटांकडे पाहिलं.
आईनं आकडे दाबले, पाव दिला,
आणि हात एप्रनला पुसला,
हाताला पीठ नसताना.

रात्री ती म्हणाली, त्या दुसऱ्याला फोन लाव. विटेवाल्याला.
मी वही उघडली. पोतं दाखवलं. ट्रकवाला दाखवला.
म्हटलं, एका माणसासाठी?
“एका कुठे? त्या सातांनाही आता
त्याचे आकडे सांभाळावे लागणार. मलाही.”
आणि थोड्या वेळानं, भट्टीचं दार लावताना:
“त्याच्या पाचावर ठिपका होता. मी बघून ठेवला होता.”

म्हणजे तो माणूस धापा टाकत तपशील सांगत होता
तेव्हा आई बटणं चाचपत होती.
माझ्या वहीत त्याला रकानाच नव्हता.

आता ट्रकवाला दर सोमवारी शिव्या देतो,
त्यातल्या दोन मला नव्यानं कळल्या.
बाउदिलिओनं आकडे बदलले म्हणतात.
जुने मला अजून पाठ आहेत, ते जात नाहीत.
तो येतो, अंगठ्यानं ठिपका शोधतो,
तिथून घरं मोजत बोटं पसरतात, पाठ करून,
आणि यंत्र पीप करतं.

“किंचित उतरलाय,” तो दर वेळी म्हणतो.
“हा सूर कुणीतरी वर चढवायला हवा.”
मी करारपत्र शोधून पुन्हा वाचलं.
त्यासाठी कुणाला फोन करायचा
ते कुठे दिलेलं नाही.