प्रश्न अकरावा

मंगळवार, शुक्रवार क्षेत्रकार्य.
केएमटीतून शिरोली नाक्याला उतरायचं,
फौंड्रीच्या भिंतीकडेनं चालत राहायचं,
जळक्या वाळूचा ढीग आला की डावीकडं वस्ती.
गळ्यात ओळखपत्र, पिशवीत नऊ अर्ज
आणि डोक्यात पहिल्या सत्रातलं एक वाक्य,
अजून इस्त्री न मोडलेलं:
समोरच्या माणसाचा बिनशर्त स्वीकार.

हौसाक्कानं मला पाट दिला,
स्वतः उंबऱ्यावर टेकली.
कुटुंबातील सदस्य, शिक्षण, शौचालय आहे किंवा नाही,
मी विचारत गेले, ती सांगत गेली,
दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन
दोरीला एकेक चिमटा लावत.
दहाव्या प्रश्नानंतर मी पान उलटलं.
“झालं व्हय?”
“झालं.”
आत कुणीतरी खोकलं, कूस बदलली,
भर दुपारी बारा वाजता.
आम्ही दोघींनीही तिकडं पाहिलं नाही.

मगदूम सरांची शाई हिरवी.
‘लाभार्थी’ला प्रत्येक ठिकाणी गोल,
गोलाबाहेर बारीक अक्षरात: हिला नाव नाही काय?
मग त्यांनी नऊ अर्ज टेबलावर मांडले,
पत्ते मांडावेत तसे, उताणे.
“अकरावा कुठाय?”

घरात कुणाला व्यसन आहे काय?
असल्यास कोणते, किती वर्षांपासून?
नऊ घरं. नऊ कोऱ्या रेघा.

मी म्हणाले, अजून विश्वास संपादन झाला नव्हता, सर.
परीक्षेत या उत्तराला पाचपैकी चार मिळाले असते.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
“प्रश्न त्यांना अवघड होता,
का तुला?”

गडहिंग्लजला, कारखान्याच्या काट्यावर
माझे वडील उसाच्या गाड्या मोजायचे,
किलोचीही चूक नाही, असं लोक सांगतात.
घरी मोजमाप आईकडं होतं.
जिन्यावरच्या पावलांवरून ती ओळखायची
आज किती,
आणि त्या हिशेबानं आम्हाला लवकर झोपवायची.
एक प्रश्न न विचारता
आम्ही चौघांनी मिळून वीस वर्षं संसार केला.

क्षेत्रकार्याच्या वहीत शेवटचा रकाना असतो:
माझी भावना.
दोन बोटं रुंद.
आजवर मी तिथं ‘समाधान वाटले’ लिहीत आले.
त्या रात्री होस्टेलवर लिहिलं, फाडलं,
पुन्हा लिहिलं, रकान्याची रेघ ओलांडून
निरीक्षणाच्या रकान्यात घुसलं.
तसंच जमा केलं.

शुक्रवारी हौसाक्का चुलीपुढं.
मी अर्ज पिशवीतच ठेवला
आणि अकरावा प्रश्न तोंडी विचारला,
पाठ केलेला, तरी मधेच अडखळत.
तिनं फुंकणी खाली ठेवली.
“तुमच्यात कोण पितंय?”
“मला... तुम्हाला कुणी सांगितलं?”
“कुणी सांगाय कशाला पायजे?
पान लई घाईनं उलटलंस त्या दिवशी.”

स्वतःबद्दल किती बोलावं, याचं एक प्रकरण आहे,
मर्यादा, हेतू, कुणाच्या गरजेपोटी,
मी त्यावर टिपणंही काढलीत.
त्यातलं एक आठवेना.
“आमचं वडील,” मी म्हणाले,
आणि एवढ्यावरच थांबले.
ते थांबणं मात्र शिकलेलं होतं.

मग ती बोलली.
सतरा वर्षं, पगाराचा दिवस, मोडलेलं डोरलं,
सीपीआरचा केसपेपर, धाकट्याचा अबोला.
मी लिहिलं नाही, ऐकलं.
चहा उतू गेला, तिनं राख टाकली त्यावर.

सरांनी वही परत दिली ती न बोलता.
रेघ ओलांडलेल्या मजकुराला गोल नव्हता.
खाली फक्त: पुढच्या वेळी तिचं जास्त, तुझं कमी.
मला राग आला. खरं होतं म्हणून जास्त.

रात्री मी घरी फोन लावला.
“आई, बाबा आज...”
“जेवलीस का गं?” ती म्हणाली,
“मेसमध्ये भात बरा मिळतोय न्हवं?”

पान उलटल्याचा आवाज मला आता ऐकू येतो.
मी फोन ठेवला नाही.