लोखंड नाही ना अंगावर?

दिवसभर मी हेच विचारते.
अंगठी, पिना, साखळी, करदोटा,
ऑपरेशन करून आत बसवलेलं काही?
रास्ता पेठेतल्या तळघरात यंत्र ठोकत राहतं
लोहार हट्टाला पेटल्यासारखं,
आणि पडद्यावर माणसं उभी चिरलेली दिसतात,
करड्या रंगात, मणक्यांची उतरंड.
मधल्या चकत्या तरुणांच्या पांढऱ्या, ओल्या,
आमच्या वयाच्या
विझत आलेल्या.

सहाला पाळी संपते.
साताला मी बिबवेवाडीत, ढमढेरे सरांच्या जिममध्ये,
खांद्यावर लोखंड घेते.

मार्चमध्ये, एकशे पाच किलोला,
बार गुडघ्यापाशी आला आणि कमरेत
कुणीतरी सुतळी तोडली.
आवाज फक्त मला आला.
सरांनी बारकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं.
म्हणाले, "ठेव."

मग यंत्रात माझा नंबर.
मुबीनने मला आत सरकवताना
त्यानेही विचारलं, नियम म्हणून,
लोखंड नाही ना?
म्हटलं, आज नाही.
बाहेर आले तेव्हा तो उगाचच पडदा पुसत होता.
शेवटच्या मणक्याखालची चकती मागे सरकलेली,
दाराच्या फटीतून पाणी यावं तशी.
मी कितीजणांना सांगितलंय, रिपोर्ट डॉक्टर सांगतील.
त्याने मलाही तेच सांगितलं.

तेव्हापासून हिशोब वेगळा.
बार जमिनीवरून नाही, ठोकळ्यांवरून;
ठोकळे सरांच्या भावाच्या वखारीतले, सागाचे,
त्यावर अजून कुणाच्या तरी दाराचं माप खडूने लिहिलेलं.
स्क्वाट खोक्यापर्यंत. बसायचं, थांबायचं, उठायचं.
डाव्या पायाला मुंग्या आल्या की वहीत फुली.
रिकामा बार वीस किलोचा. तीन आठवडे तोच.
शेजारचा ओजस, वय अठरा, दोनशेला हात घालतो,
आणि माझ्या बारला चकत्या लावायला
सवयीने धावत येतो.
"मॅडम, किती?"
काही नाही रे.
"काही नाही म्हणजे?"
काही नाही म्हणजे काही नाही.

परवा मार्केट यार्डातले एक हमाल आले,
भिवाजी सुपेकर. चौतीस वर्षं पोती.
कांदा, गूळ, मिरची.
करदोटा सोडायला तयार नव्हते,
"सुती आहे बाई, लोखंड कुठलं."
पडद्यावर त्यांच्या चकत्या काळ्या, चपट्या,
झिजलेल्या पायताणाच्या टाचा.
जाताना, शर्टाची बटणं लावता लावता,
त्यांनी माझं चालणं पाहिलं.
"तुम्हाला पण?"
सांगितलं. जिम, बार, एकशे पाच.
हसले नाहीत. विचारात पडले.
"पैसे कोण देतं?"
मीच देते. महिन्याला बाराशे.
"तुम्ही देता."
बराच वेळ त्यांनी ते तोंडात धरून ठेवलं,
सुपारीच्या खांडासारखं.
मग भिंतीपाशी वाकून दाखवलं,
पोतं पाठीवर यायच्या आधी श्वास घ्यायचा,
नंतर नाही. पोट मडक्यासारखं टम्म.
"आणि ज्या दिवशी पोतं जड वाटतं ना,
त्या दिवशी ते जडच असतं.
मुकादमाचं ऐकायचं नाही."
माझा मुकादम मीच,
हे मी त्यांना सांगितलं नाही.

काल ठोकळ्यांवरून साठ.
श्वास आधी.
पाचव्या वेळी बार सुटायच्या आत
पायात एक मुंगी निघाली, एकटीच,
पोटरीपर्यंत आली,
थांबली.
मीही थांबले.
सर म्हणाले, अजून एक जाईल.
गेली असती.
वहीत लिहिलं, चार.

ओजस चकत्या काढत होता, न विचारता.
हाताला लोखंडाचा वास आहे,
साबणाने जात नाही,
आणि सकाळी आठचा पेशंट
आधीच बाकावर बसलेला असेल,
खिसे रिकामे करत.